पहिला क्रमांक, सहा वर्षं उशिरा

डिसेंबर २०१५. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’, म्हणजे वेगवेगळ्या व्हिडिओ गेममधली पात्रं एकमेकांशी लढवणारा निन्टेन्डोचा गेम. त्याच्या वी यू आणि थ्रीडीएस या यंत्रांवरच्या आवृत्त्यांसाठीचं शेवटचं सादरीकरण सुरू होतं. दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांनी नवं पात्र म्हणून ‘बेयोनेटा’ या गेमच्या नायिकेचं नाव जाहीर केलं. त्यासोबत खुलासा असा आला की, ज्यांच्यासाठी बोलणी करता येतील आणि जी प्रत्यक्षात आणता येतील अशा पात्रांमध्ये जगभरच्या मतांत ती पहिली आहे. त्या दिवशी सगळ्यांना ‘पहिली’ एवढंच ऐकू आलं. मधली अट कानावरून गेली.

त्या अटीमागे कोण उभं होतं हे कळायला ऑक्टोबर २०२१ उजाडावं लागलं. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’चा शेवटचा फायटर म्हणून ‘किंगडम हार्ट्स’चा सोरा आला आणि तेव्हा साकुराईंनी सांगून टाकलं: २०१५च्या मतदानात सगळ्यात जास्त मतं सोरालाच होती.

अशा क्रॉसओव्हर फायटिंग गेमचं रोस्टर, म्हणजे पात्रांची यादी, फॅन ठरवतात का, हा वाद मी कितीतरी वर्षं ऐकतो आहे. एक बाजू म्हणते, कंपन्या हवं तेच करतात आणि मतदान हा देखावा. दुसरी म्हणते, आरडाओरडा पुरेसा झाला की पात्र येतंच. सोराचं प्रकरण नीट पाहिलं तर दोन्ही बाजू चुकतात. मला स्वतःला हे प्रकरण फार जवळचं वाटतं, कारण यात मागणी नेमकी कुठे अडते आणि ती अडली असताना तिचं काय होतं, हे टप्प्याटप्प्याने दिसतं.

कुणालाही लिहा

‘स्मॅश’मध्ये पात्रांची यादी इतकी जिव्हाळ्याची का, ते आधी सांगायला हवं. एचएएल लॅबोरेटरी या गेम कंपनीत साकुराई आणि पुढे निन्टेन्डोचे अध्यक्ष झालेले सातोरु इवाता यांनी पहिला नमुना बनवला तेव्हा त्यात मारिओ नव्हता, पिकाचू नव्हता. ओळखच नसलेले साधे लढवय्ये होते. पण घरी बसून खेळायच्या फायटिंग गेममध्ये एकदम डझनभर अनोळखी चेहरे समोर आले तर खेळणाऱ्याचं मन कुणावर जडणार, हा साकुराईंपुढचा प्रश्न होता. उत्तर म्हणून निन्टेन्डोची ओळखीची पात्रं आली. जानेवारी १९९९मध्ये निन्टेन्डो ६४वर आलेल्या पहिल्या भागात ती १२ होती. म्हणजे या मालिकेत आधीची ओळख हाच पाया आहे. आणि ओळख मालकीची नसते, ती खेळणाऱ्याच्या डोक्यात असते. त्यामुळे ‘माझा का नाही?’ हा प्रश्न या गेमच्या जन्मापासूनच त्याच्यासोबत आहे.

२००८च्या ‘ब्रॉल’ या भागात दार बाहेरच्यांसाठी उघडलं. कोनामीचा स्नेक आला, सेगाचा सॉनिक आला. गेम बाजारात येण्याच्या जेमतेम काही महिने आधी, ऑक्टोबर २००७मध्ये, सॉनिक जाहीर झाला आणि त्याला सर्वाधिक मागणी होती हे तेव्हाच सांगितलं गेलं. वर्षानुवर्षं एकमेकांसमोर उभ्या राहिलेल्या दोन कंपन्यांचे चेहरे एका मैदानात आल्यावर लोकांनी धडा घेतला: मागितलं तर मिळतं.

मग १ एप्रिल २०१५ला निन्टेन्डोने मतदान खुलं केलं आणि ३ ऑक्टोबरपर्यंत ते चाललं. यातली खरी गंमत अर्जात होती. समोर उमेदवारांची यादी नव्हती. कुठल्याही गेममधल्या पात्राचं नाव मतदाराने स्वतः लिहायचं. यादी दिली असती तर कंपनीला परवडणारीच नावं मतांत आली असती. कोरी जागा दिल्यामुळे लोकांनी मनातलं लिहिलं. थट्टाही झाली, श्रेकसाठी चक्क मोहीम चालली. साकुराईंची एक जुनी अट मात्र ठाम आहे: पात्र मुळात व्हिडिओ गेममधून आलेलं हवं. चित्रपटातून किंवा जपानी चित्रकथांतून (मांगा) आलेल्यांना प्रवेश नाही.

सोरा या अटीत बसतो. २००२ साली प्लेस्टेशन टूवर आलेल्या ‘किंगडम हार्ट्स’साठीच तो जन्माला आला. स्क्वेअर या जपानी गेम कंपनीचा (पुढची स्क्वेअर एनिक्स) आणि डिस्नीचा तो एकत्र प्रयोग होता, त्यात क्लाउडसारखी ‘फायनल फँटसी’ची पात्रं आणि डोनाल्ड-गूफी एकाच गेममध्ये वावरत होते. पण सोरावरचा हक्क डिस्नीचा. आणि डिस्नीची ख्याती अशी की तिच्या पात्राच्या बुटाचा रंगसुद्धा विचारल्याशिवाय बदलता येत नाही. साकुराईंना स्वतःलाही हे अशक्यच वाटत होतं.

तेव्हा मी जी चर्चा रोज वाचत होतो तिच्यात आवाज रिडलीचा होता, किंग के. रूलचा होता, बँजोचा होता. सोराचं नाव यायचं, पण लोक ते ‘असं कधी होणार आहे का’ म्हणून पुढे सरकवायचे. मतं मोजली तेव्हा पहिला आला तो हाच. मोठ्याने बोलणारे आणि मत देणारे हे दोन वेगळे घोळके असतात, हे या प्रकरणातून मला पहिल्यांदा नीट समजलं. मोहिमा दिसतात. एकट्याने बसून फॉर्म भरणारा माणूस दिसत नाही, आणि कोऱ्या जागेत त्याचंही नाव तेवढंच मोजलं जातं.

नकाराचे प्रकार

मतदान संपल्यावर लगेच मिळाली ती बेयोनेटा. फेब्रुवारी २०१६मध्ये ती खेळायला आली. युरोपात ती पहिल्या क्रमांकावर होती, उत्तर अमेरिकेत पहिल्या पाचांत. पूर्ण निकाल निन्टेन्डोने कधीच छापला नाही. यावर लोक आजही चिडतात. मला तो निर्णय पटतो. पहिलं नाव सोरा असं २०१५मध्येच छापलं असतं, तर बोलणी सुरू होण्याआधीच निन्टेन्डोच्या गळ्यात वचन पडलं असतं आणि डिस्नीच्या टेबलावर दबाव. बाकीच्या कंपन्यांनाही आपापल्या पात्राचा भाव कळला असता.

त्याच सुमारास पुढच्या गेमचा आराखडा तयार होत होता. हे काम इवातांनी आपल्यावर सोपवलेलं शेवटचं काम होतं, असं साकुराईंनी नंतर सांगितलं. इवाता जुलै २०१५मध्ये गेले. डिसेंबर २०१५च्या सुमारास ‘अल्टिमेट’च्या नव्या फायटरांची निवड कागदावर आलेली होती. एका पोकेमॉनची जागा तेवढी मोकळी सोडली होती, कारण पोकेमॉनचे पुढचे गेम तेव्हा यायचे होते. तिथे पुढे इन्सिनरोर आला.

आता इथे मला जरा रेंगाळायचं आहे. कारण मतदानानंतरच्या सहा वर्षांत जी नावं आली, त्यांच्यासमोरचा ‘नाही’ एकसारखा नव्हता.

रिडली घ्या. ‘मेट्रॉइड’मधला हा पंखांचा राक्षस १९८६पासूनचा. त्याच्या बाबतीत अडचण अंगाची होती. ‘ब्रॉल’मध्ये तो बॉस, म्हणजे हरवायचा मोठा शत्रू होता. वी यूच्या आवृत्तीत एका स्टेजवर मध्येच येऊन त्रास देणारा अडथळा होता. फायटर म्हणून साकुराईंना तो जमणारा वाटत नव्हता: एवढा मोठा देह आखडून घेतला तर तो रिडली राहत नाही, आणि नाही आखडला तर मैदानात मावत नाही. ‘रिडली फार मोठा आहे’ हे वाक्य पुढे फॅनमध्ये थट्टेचं होऊन बसलं. फॅनचा प्रतिवाद मात्र थट्टेचा नव्हता. त्यांनी जुने गेम काढून दाखवले की रिडलीची उंची प्रत्येक भागात बदलत आली आहे. मग जून २०१८च्या ई थ्री या गेम प्रदर्शनात, आधीच्या भागांतले ‘सगळेच आले आहेत’ या घोषणेनंतर, ट्रेलरच्या शेवटी तो अंधारातून आला. त्याला कसं बसवलं ते पाहण्यासारखं आहे. तो पाठीतून वाकून उभा राहतो, मान पुढे काढून. त्यामुळे देह थोराड वाटतो, पण उभी उंची कमी भरते. त्याची सगळ्यात धोकादायक मूव्ह शेपटीच्या टोकावर आहे: टोक नेमकं लागलं तर प्रतिस्पर्धी जागीच कोलमडतो, थोडं इकडेतिकडे झालं तर नुसताच ओरखडा. अंगाचा मोठेपणा ज्या पात्राच्या आड येत होता, त्याची खरी ताकद एका टोकाएवढ्या जागेत नेऊन ठेवली. हे करणाऱ्याने मागणी मोजून बाजूला ठेवलेली नाही, ती समजून घेतली आहे.

के. रूलसमोरचा ‘नाही’ विस्मृतीचा होता. १९९४च्या ‘डाँकी काँग कंट्री’चा हा मगरराजा. २०१० आणि २०१४ साली त्या मालिकेचे नवे गेम आले, त्यांत तो नव्हता. वी यूच्या ‘स्मॅश’मध्ये त्याचा फक्त पोशाख विकायला आला, ‘मी फायटर’ या खेळणाऱ्याने स्वतः घडवलेल्या पात्राला चढवायचा. पोशाख मिळाला म्हणजे पात्राचा विषय संपला, अशी समजूत तेव्हा पक्की होती, त्यामुळे त्या दिवशी त्याच्या चाहत्यांना आनंदापेक्षा धक्काच जास्त बसला. ऑगस्ट २०१८मध्ये तो खरोखर आला आणि ट्रेलर बनवणाऱ्यांनी आधी किंग डिडिडीला के. रूलचं सोंग देऊन पुढे केलं, मग खऱ्याने त्याला उडवून दिलं. पण मला भावतात त्या त्याच्या मूव्ह. हातातली रुंद तोंडाची बंदूक दुसऱ्या भागातल्या त्याच्या समुद्री चाच्याच्या अवतारातली. पाठीवरचा पंखा तिसऱ्या भागातल्या वेड्या शास्त्रज्ञाच्या अवतारातला. बॉक्सिंगचे हातमोजे ‘डाँकी काँग ६४’मधले. मुकुट फेकणं पहिल्या भागातलं. ज्यांनी त्याच्यासाठी मत दिलं त्यांच्या डोक्यात तो चार वेगवेगळ्या रूपांत होता. ती चारही रूपं एका देहात आली.

बँजोसमोर मालकीची भिंत होती. त्याला घडवणारी रेअर ही कंपनी २००२ साली मायक्रोसॉफ्टने ३७.५ कोटी डॉलरला घेतली, आणि निन्टेन्डो ६४वर वाढलेलं अस्वल आणि त्याच्या पाठपिशवीतला पक्षी स्पर्धकाच्या घरी गेले. मायक्रोसॉफ्टचे फिल स्पेन्सर यांनी आपली ना नाही हे उघडपणे बोलून दाखवलं होतं. जून २०१९मध्ये बँजो आणि कझूई जाहीर झाले. ही बोलणी सोरापेक्षा सोपी गेली असावीत, असं बाहेरून वाटतं.

तीन पात्रं, तीन वेगळे अडसर. मतदानाने यातला एकही अडसर स्वतः दूर केला नाही. रिडलीचा देह मतांनी लहान झाला नाही. पण कोणता ‘नाही’ पुन्हा काढून तपासायचा, कोणत्या पात्रासाठी कुणीतरी रात्र जागवायची, हे त्या आकड्यांनी ठरवलं. माझ्या मते फॅनच्या मागणीचं खरं बळ एवढंच आहे, आणि ते कमी नाही.

मागणी जेव्हा उलटते

याची काळी बाजूही आहे आणि ती झाकून हे प्रकरण लिहिता येणार नाही. ऑक्टोबर २०१८मध्ये एक फोटो फिरला. छापखान्यातल्यासारख्या दिसणाऱ्या जागेत ‘अल्टिमेट’चं मोठं भित्तिचित्र, त्यावर बँजो, जीनो, आयझॅक, शॅडो, केन आणि आणखी काही. बाजूला ग्रिंच या चित्रपटाचं साहित्य पडलेलं, म्हणून त्या फोटोला त्याचंच नाव पडलं. लोकांनी कडेची कागदं मोठी करून पाहिली, सावल्या मोजल्या. १ नोव्हेंबरला निन्टेन्डोच्या कार्यक्रमात केन आणि इन्सिनरोर आले, चित्रातले बाकीचे आले नाहीत, आणि चित्र खोटं ठरलं. त्या काही दिवसांत मी ज्यांना अतिशय समंजस मानत होतो अशी माणसं एकमेकांवर तुटून पडलेली पाहिली. इच्छा इतकी तीव्र होती की पुरावा तिच्यासाठी वाकवला गेला.

त्याच नोव्हेंबरमध्ये साकुराईंनी जाहीर केलं की डीएलसीचे, म्हणजे गेम आल्यानंतर वेगळे विकले जाणारे फायटर या वेळी पूर्णपणे निन्टेन्डोने निवडले आहेत. निवडलेलं पात्र बनवता येईल का हे आपण पाहतो आणि मग आखणी करतो, असं ते म्हणाले. जानेवारी २०२०मध्ये ‘फायर एम्ब्लेम’चा बायलेथ आला. त्या मालिकेचे फायटर आधीच पुष्कळ होते, आणि संताप उसळला. साकुराईंनी सादरीकरणात ही तक्रार स्वतःच बोलून दाखवली, आणि पुढची यादीही ठरलेली आहे, तेव्हा कृपया ट्विटरवर मागण्या पाठवू नका, असं सांगितलं. ज्याच्या हातात निवड नाही त्याच्या दारात रोज हजारो माणसं उभी. पात्रावरचं प्रेम माणसाला छळण्याचा परवाना होऊ शकत नाही, आणि आपल्यातल्या अनेकांनी तो तसा वापरला.

मागणीकडे पाठ फिरवली तर काय होतं, हेही त्याच काळात दिसलं. सप्टेंबर २०१७च्या ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम: इन्फिनिट’ या कॅपकॉम कंपनीच्या क्रॉसओव्हर गेममध्ये एक्स-मेनच नव्हते. वुल्व्हरिन नाही, मॅग्नेटो नाही. ही माणसं त्या मालिकेत सुरुवातीपासूनची. यावर कॅपकॉमकडून जे स्पष्टीकरण आलं त्याचा आशय असा होता की पात्रं म्हणजे शेवटी कार्यं: मॅग्नेटो आवडतो म्हणजे आठही दिशांना झेपावणारा कुणीतरी आवडतो, आणि तसा दुसरा मिळेल. फायटिंग गेमच्या आतल्या यंत्राबद्दल हे बरंचसं खरंही आहे. पण खेळणारा नुसत्या कार्यावर जीव लावत नाही. २०१८च्या एव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेच्या मुख्य यादीत तो गेम नव्हता. मालिकेचे जुने भाग मात्र लोक मागतच राहिले, आणि सप्टेंबर २०२४मध्ये ते एकत्र पुन्हा बाजारात आले.

कीचेन

सोराकडे परत येतो. बंद दार किलकिलं झालं ते एका योगायोगाने. एका पुरस्कार सोहळ्याच्या ठिकाणी साकुराईंची डिस्नीच्या एका जबाबदार व्यक्तीशी गाठ पडली, आणि सोरा ‘स्मॅश’मध्ये आला तर बरं होईल असं त्या व्यक्तीनेच म्हटलं. साकुराईंनी हे ‘फामित्सु’ या जपानी गेम नियतकालिकातल्या आपल्या सदरात लिहिलं आहे. त्यानंतर निन्टेन्डो, डिस्नी आणि स्क्वेअर एनिक्स यांच्यात लांबलचक बोलणी झाली.

याला नशीब म्हणता येईल. पण त्या गाठीत साकुराईंच्या खिशात काय होतं ते विसरायला नको: जगभरातून आलेला पहिला क्रमांक. समोरच्याने सहज काढलेला विषय पुढे न्यायचा की हसून सोडून द्यायचा, हे ठरवताना तो क्रमांक नक्कीच जड भरला असणार.

१८ ऑक्टोबर २०२१ला सोरा खेळायला आला. ‘अल्टिमेट’चा तो ८२वा क्रमांक, दुसऱ्याची जवळपास नक्कल असलेले प्रतिरूप फायटरही स्वतंत्र मोजले तर एकूण ८९. शेवटचा एक आत आला म्हणजे आधीच्या ८८ जणांशी त्याची जोडी जमवून पाहायची. ८९ जणांच्या मिळून ३,९१६ जोड्या होतात. ‘अजून एक घ्या की’ म्हणताना हा आकडा आपल्या डोळ्यांपुढे नसतो.

सोराचा हात कसा आहे? हलका. उडी मारली की तो बराच वेळ हवेत तरंगतो, त्याच्या मूळ गेमसारखाच. साधं बटन तीनदा दाबलं की तीन वारांची साखळी. जादू एका बटनावर, पण क्रमाने: आधी आग, मग वीज, मग बर्फ, पुन्हा आग. नेमकी कोणती येणार हे लक्षात ठेवावं लागतं, आणि प्रतिस्पर्धीही ते लक्षात ठेवतो. शिकायला सोपा, पण वजन कमी असल्यामुळे एक चूक झाली की मैदानाबाहेर.

आणि काय नाही तेही पाहा. डोनाल्ड नाही, गूफी नाही. स्टेज हॉलो बॅस्टियन. स्पिरिट म्हणून, म्हणजे नुसत्या चित्ररूपाने येणारी पात्रं सगळी ‘किंगडम हार्ट्स’ची स्वतःची. डिस्नीची अशी एकच खूण शिल्लक आहे: कीब्लेड या त्याच्या किल्लीसारख्या शस्त्राच्या टोकाला लटकणारं कीचेन, तीन गोलांचं, मिकीच्या डोक्याच्या आकाराचं. सोरा धावताना ते मागे हिंदकळतं. तीन कंपन्यांच्या करारातून वाट काढून ते नखाएवढं धातूचं तुकडं इथवर आलं आहे. गेम थांबवून, कॅमेरा जवळ नेऊन मी ते बराच वेळ पाहत बसलो होतो.

वालुइजी

एक नाव मात्र माझ्या या सगळ्या मांडणीत बसत नाही. मारिओच्या गेममधला वालुइजी. जून २०१८मध्ये ‘अल्टिमेट’ची घोषणा झाली तेव्हा तो असिस्ट ट्रॉफीतच, म्हणजे क्षणभर मदतीला येणाऱ्या पात्रांतच दिसला: गोळ्यातून बाहेर येतो, समोरच्याला पायाने जमिनीत रोवतो, टेनिसच्या रॅकेटने हाणतो आणि निघून जातो. लोक नाराज झाले, थट्टा झाली, मोहिमा झाल्या. त्याच्यावरचा हक्क निन्टेन्डोचाच. अंग मैदानात सहज मावणारं. विस्मृतीत तर तो कधीच गेला नाही, मारिओच्या खेळांच्या गेममध्ये नेहमीच हजर असतो. रिडलीचा, के. रूलचा, बँजोचा किंवा सोराचा, कुठलाच अडसर त्याच्यापुढे दिसत नाही. तरीही ८९ जणांत तो नाही.

असिस्ट ट्रॉफी झालं की त्या गेमपुरतं दार बंद, हे बहुतेक जण मान्य करतात. पण ‘ब्रॉल’मध्ये रिडली बॉस होता आणि वी यूवर के. रूल नुसता पोशाख होता.